पूर्वेचा कोपरा

बाबांच्या टायपिंग क्लासमध्ये हातातून पेन्सिल पडली की ती जागच्या जागी राहायची नाही. बाकाखालून, पायांमधून घरंगळत थेट पूर्वेच्या कोपऱ्यात जायची. नवीन मुलं पहिल्या दिवशी टेबलाखाली वाकून शोधत बसायची आणि जुनी मुलं टाइप करता करता मान न वळवता सांगायची, "तिकडं बघ की, कोपऱ्यात असंल." शनिवारी झाडलोट करायची माझी पाळी. त्या कोपऱ्यात पेन्सिली, खोडरबर, पाच-दहा पैसे, एकदा तर कुणाच्या तरी अंगठीतला लाल खडा मिळाला होता. खडा परत केला. पेन्सिली मात्र माझ्या.

जमीन तिकडे का उतरते, असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सुपारीनं." मला वाटलं, चेष्टा करतायत.

आमची ती माडी बेळगावच्या खडेबाजारातली, गणपत गल्लीकडे वळायच्या थोडी अलीकडे. आमची म्हणजे भाड्याची. खाली काळ्या दगडाचा पाया, वर भाजक्या विटांच्या जाड भिंती, सागवानी तुळया, त्यांवर लाकडी तक्तपोशी आणि डोक्यावर मंगळुरी कौलं. दर्शनी बाजूला चुन्याच्या गिलाव्यात उठावाची नक्षी होती, पण माझ्या लहानपणी तिच्यावर इतके रंगाचे हात बसले होते की वेल कुठला आणि अक्षरं कुठली ते उमगत नसे. पुढे रस्त्याला लागून ओटा. दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. उंबऱ्याच्या आणि वरच्या चौकटीच्या खाचेत एकेक फळी सरकवायची, अशा अकरा. प्रत्येक फळीवर तिचा आकडा कोरलेला, कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही.

ही इमारत बांधली ती सुपारीच्या पेढीसाठी. सुपारी, नारळ, आमसूल, सगळा कोकणचा माल. बेळगावच्या बाजारपेठेचं पोट मुळात घाटावर भरलं आहे, हे आज महामार्गावरून येणाऱ्याला पटत नाही. वेंगुर्ल्याच्या बंदरात गलबतं लागायची. तिथून बैलगाड्यांनी माल वर चढायचा, आधी रामघाटानं आणि पुढे आंबोलीच्या घाटानं. वर येताना मीठ, खोबरं, सुपारी, सुकी मासळी. खाली जाताना धान्य, कापूस, तंबाखू. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांना मधे एक विसाव्याचं आणि हिशेबाचं ठिकाण लागायचं, ते हे गाव.

पण जूनमध्ये पाऊस लागला की बंदर बंद आणि घाटातल्या चिखलातून भरलेली गाडी चढायची नाही. मग वैशाखाच्या अखेरीस पेढीवाले चार महिन्यांची बेगमी करत. बेळगावचा पाऊस कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. भिंतीला हात लावला तर ओला होतो. सुपारीला तर ओल मुळीच सोसत नाही, बुरशी धरते. म्हणून ती तळमजल्यावर न ठेवता माडीवर चढवायची, आणि त्यातही पूर्वेच्या कोपऱ्यात, कारण पश्चिमेच्या भिंतीवर पावसाचा मारा असतो. दरवर्षी त्याच कोपऱ्यात, छताला टेकतील अशा गोण्या. सागवान किती भक्कम म्हटलं तरी चाळीस-पन्नास पावसाळ्यांचं ओझं त्याच तुळयांवर पडलं. त्या तुटल्या नाहीत, फक्त खाली आल्या. पेन्सिल घरंगळायची ती त्या ओझ्याच्या मागावरून.

हे मला बाबांनी एका बैठकीत सांगितलेलं नाही. आजोबा त्या पेढीवर दिवाणजी होते. त्यांच्याकडून थोडं, शेजारच्या म्हाताऱ्या हमालमामांकडून थोडं, असं मी ते गोळा केलं. हमालमामा कन्नड बोलणारे. आजोबांशी ते कन्नडमध्ये बोलत, आजोबा मराठीत उत्तर देत, आणि दोघांचं सगळं व्यवस्थित चालायचं. मी ओट्यावरून गेले की मामा हाक मारत, "बर्री अक्का, कूडरी." दहा वर्षांच्या मुलीला अहोजाहो करून बसायला सांगणारा तो पहिला माणूस.

आजोबांच्या आठवणीतला मोठा प्रसंग १९२४ सालच्या डिसेंबरातला. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेसचं अधिवेशन टिळकवाडीत भरलं, तेव्हा आजोबा चौदा-पंधरा वर्षांचे आणि पेढीवर नुकतेच उमेदवारीला लागलेले. अधिवेशनाला पाणी पुरावं म्हणून खणलेली ती विहीर, जिला आज आपण काँग्रेस विहीर म्हणतो, तिचं काम बघायला ते पळून गेले होते आणि परत आल्यावर पेढीवर बोलणी खाल्ली. गांधीजी दिसले का, असं विचारलं की म्हणायचे, "लांबून. पण विहीर जवळून बघितली."

पेढी एका दिवसात बुडाली नाही. तिचं दुखणं ती बांधायच्या आधीच गावात आलं होतं. १८८० च्या दशकात बेळगावला रेल्वे आली आणि वेंगुर्ल्याच्या बंदराचं महत्त्व ओसरायला लागलं. घाटावरचा माल सरळ डब्यात भरून मुंबईकडे किंवा मुरगावकडे जाऊ लागला. राहिली ती सुपारी-नारळाची, जवळच्या गिऱ्हाइकांची उलाढाल. पुढे मालमोटारी आल्या. मालमोटार पावसाळ्यातही घाट चढते, मग चार महिन्यांची बेगमी कशाला करायची? माडी रिकामी पडू लागली. मालकांच्या घरात वाटण्या झाल्या, तळमजल्याचे चार गाळे पडले आणि पेढी एका गाळ्यात येऊन बसली, मग तीही उठली. आजोबांना त्यांच्या नोकरीची पुंजी म्हणून काही पैसे आणि माडी कमी भाड्यानं मिळाली. ते वर एकटेच वह्या घेऊन बसत. लोकांचे जमाखर्च लिहून देत.

तळमजल्याच्या गाळ्यांत मग काय काय आलं, ते सगळं मोजत बसत नाही. शिंपी, सायकल दुरुस्ती, तपकीर आणि तंबाखू, वह्या-पुस्तकं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, ती म्हणजे आकडा. पेढीच्या मधोमध तुळईला मुठीएवढ्या जाडीचा लोखंडी आकडा होता, त्याला मोठा तराजू टांगत. पेढी गेल्यावर शिंप्यानं त्याला गॅसबत्ती टांगली. वीज आल्यावर त्याच आकड्याला पंखा. शिंप्याचा मुलगा खंडेनवमीला शिलाई मशीनची पूजा करायचा तेव्हा स्टुलावर चढून त्या आकड्यालाही झेंडूची माळ घालायचा. का घालतोस, म्हणून मी विचारलं होतं. त्याचं उत्तर, "आधीपासनं घालत्यात." त्याला तराजू माहीत नव्हता. माळ माहीत होती.

त्याच दिवशी वर आमच्या माडीवर टाइपरायटरांची पूजा. प्रत्येक यंत्राच्या रोलरवर हळदकुंकू, फक्त टाइपावर लावायचं नाही, अक्षरं बुजतात.

बाबांनी क्लास काढला तेव्हा त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो या उताराचाच. टाइपरायटरचा वरचा गाडा अक्षरागणिक डावीकडे सरकतो. टेबल एका बाजूला कललं तर गाडा कधी जड जातो, कधी आपोआप धावतो, आणि शिकणाऱ्याच्या बोटांना खोटी सवय लागते. बाबांनी गवंड्याकडून पाणसळ आणली, जमिनीवर खडूनं टेबलांच्या जागा आखल्या आणि प्रत्येक टेबलाच्या दोन पायांखाली मोजून लाकडी पाचरी ठोकल्या. पूर्वेकडे पाचरी जाड होत जायच्या. बारा यंत्रं एका पातळीत आली. जमीन होती तशीच. तळमजल्यावर फळ्या जाऊन शटर बसलं तेव्हा त्या फळ्या बाबांनी मागून घेतल्या आणि त्यांची बाकं केली. मुलं फळीवर कोरलेल्या नंबरावर बसत. "माझी जागा चार नंबर", म्हणजे चौथी फळी.

सातव्या फळीचा कोपरा तुटलेला होता. १७ जानेवारी १९५६ रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूरकडे देणार ही बातमी येऊन गावात आगडोंब उसळला आणि गोळीबार झाला, त्या दिवशी खडेबाजारात दुकानांना भराभर फळ्या लागल्या. आमच्या पेढीत घाईत क्रम चुकला. सातवी फळी नवव्या जागी अडकली, ती काढायला कुणीतरी पहारीनं तिचा कोपरा उडवला. बाबा तेव्हा शाळेतले, आतल्या अंधारात उभे. त्या गोळीबारातल्या हुतात्म्यांच्या नावाचा चौक किर्लोस्कर रोडवर आहे. दर १७ जानेवारीला अजून तिथं माणसं जमतात, आणि फेरी या खडेबाजारातून जाते.

१ नोव्हेंबरला, म्हणजे १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्या तारखेला, बाबा निषेध म्हणून दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीत जात. त्या दिवशी क्लास बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पहिली बॅच कन्नडची असे आणि बाबा साडेसहालाच कुलूप उघडून कन्नड यंत्रांवरची धूळ पुसत असत. मला शाळेत असताना हे कळायचं नाही. रागानं विचारलंही होतं. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, "पोराला नोकरी लागाय पाहिजे का नको?" त्यांच्या कन्नडच्या बॅचमध्ये निम्मी मुलं मराठी घरातलीच असायची. सरकारी कचेरीत कन्नड टायपिंगची ज्युनियर-सीनियर परीक्षा पास असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नव्हता. कन्नड यंत्रं दोन होती ती चार झाली, मग सहा. मराठी यंत्रं तीन होती ती तीनच राहिली. त्यांवर बहुतेक चंदगडची मुलं बसत. तालुका कोल्हापूर जिल्ह्यातला, पण बाजार, दवाखाना आणि क्लास बेळगावचा. पहाटेची एसटी धरून ती येत, मिनिटाला तीस शब्दांचा वेग बांधत आणि दुपारच्या गाडीनं परत जात. कन्नड, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांची यंत्रं एकदम चालू झाली की कौलांवर पाऊस पडल्यासारखा आवाज व्हायचा. खालच्या शिंप्याला त्याचा त्रास होत असणार. तो कधी बोलला नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. पूर्वेच्या त्या कोपऱ्यात भिंतीवर कोळशानं लिहिलेले हिशेब होते. चार उभ्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक आडवी, अशा शेकडो जुड्या. मधेच मोडीतलं काहीतरी, मधेच कन्नड आकडे. किती गोण्या चढल्या, किती उतरल्या, याचा तो हमालांचा आणि आजोबांचा जमाखर्च. आजोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीला बाबांनी क्लास चुन्यानं रंगवायला काढला. बाकीच्या भिंती माणसानं रंगवल्या. पूर्वेचा कोपरा मी हट्टानं मागून घेतला, कारण तो माझा होता. दहा वर्षांची होते. एक हात दिला तरी कोळसा खालून दिसत राहिला, म्हणून दुसरा दिला, मग तिसरा. भिंत पांढरीशुभ्र झाली तेव्हा मला काय आनंद झाला होता! बाबांनी पाठ थोपटली.

जुन्या इमारतींचं बोलणं निघालं की आपण नेहमी नव्या दुकानदाराला नावं ठेवतो. मीही ठेवत आले. पण त्या भिंतीची आठवण आली की माझा आवाज खाली येतो.

हे गाव वापर बदलण्यात मुरलेलं आहे. बोगारवेशीच्या नावात तांब्यापितळेचं काम करणारे बोगार अजून बसलेले आहेत, तिथं भांडी घडोत न घडोत. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंनी इथं सायकलींचं दुकान काढलं. त्यातून कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर निघाले. मग शहराला ठळकवाडीची वसाहत वसवायची होती म्हणून कारखान्याला जागा सोडावी लागली आणि १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे राहिला किर्लोस्कर रोड. कोनवाळ गल्लीतल्या रिट्झ थिएटरचं लोकमान्य रंगमंदिर झालं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं; पडदा गेला, पण माणसं त्याच दारानं आत जाऊन अंधारात एकत्र बसतात. इमारतीनं आपला पहिलाच धंदा जन्मभर करावा असा माझा आग्रह नाही. सुपारी गेली नसती तर माझ्या बाबांना माडी मिळाली नसती, आणि कितीतरी घरांत नोकरी आली नसती. मला दुखतं ते वेगळं आहे. आकड्याला तराजू, मग बत्ती, मग पंखा, यात आधीच्या माणसाचं काहीतरी पुढच्याच्या हाताला लागत होतं. पाचरी ठोकताना बाबांना सुपारीचा विचार करावा लागला. अलीकडे जे येतं ते आधीच्या कशालाही न शिवता वरून चढवलेलं असतं. खोटं छत, खोटी भिंत, पुढे चकचकीत पत्रा. आत उभं राहिलं तर आपण बेळगावात आहोत की आणखी कुठे, ते सांगता येत नाही.

क्लास २००३ मध्ये बंद झाला. शेवटच्या दोन वर्षांत बाबांनी दोन संगणक आणले होते, पण त्यांना ते आवडले नाहीत. आवाजावरून मुलाची चूक ओळखायची त्यांची सवय तिथं निरुपयोगी होती. गोदरेजनं टाइपरायटर बनवायचं थांबवलं ही बातमी २०११ मध्ये पेपरात आली, तेव्हा त्यांनी ते कात्रण कापून ठेवलं. यंत्रं भंगारात किलोवर गेली. एक मराठी यंत्र आणि सातवी फळी माझ्या घरी आहे.

तळमजल्यावर सध्या मोबाइलचं दुकान आहे, चारही गाळे परत एक करून. माडी त्यांचं गोदाम. मालक तिशीचा मुलगा आहे. त्याचे आजोबा राजस्थानातून आले, तो इथंच जन्मला. गिऱ्हाईक दारात आल्यावर चेहरा बघून कन्नड, मराठी, हिंदी यांतली नेमकी भाषा काढतो. मी त्याच्या दुकानासमोरून जायचं टाळत होते, कारण पुढची सगळी बाजू त्यानं निळ्या पत्र्यानं झाकली होती.

२०२४ मध्ये कर्नाटकात पाट्यांवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झाला. त्याबद्दल मला जे वाटतं ते सीमाभागातल्या मराठी माणसाला वेगळं सांगायची गरज नाही; आपल्या गल्लीत आपली अक्षरं बारीक होत गेलेली बघणं सोपं नसतं. पण त्या कायद्यामुळेच एक गोष्ट घडली. दुकानदारानं पाटी बदलायची म्हणून तो निळा पत्रा उतरवला. शिंप्याच्या त्या मुलाचा, जो आता आजोबा झाला आहे, मला फोन आला. "ताई, आजच्या आज ये बघ. अक्षरं दिसाल्यात."

पत्रा बसवताना त्यांनी जुना रंग खरवडून काढला होता. माझ्या लहानपणी जी नक्षी रंगाखाली गुदमरली होती ती पहिल्यांदा स्वच्छ दिसली. आंब्याचं तोरण, दोन बाजूंना दोन मोर, मधे "श्री". त्याखाली उठावाच्या देवनागरीत पेढीचं नाव, आणि त्याच्याखाली तेवढ्याच मापाच्या अक्षरांत तेच नाव कन्नडमध्ये. शेवटी "शके १८" आणि पुढचे दोन आकडे गळून पडलेले. मी रस्त्यावर उभी होते, मागून रिक्षा हॉर्न देत होत्या. ते कन्नड नाव बघून मला आधी धक्का बसला, मग हमालमामांची आठवण झाली. तेव्हा कुणी कायदा केलेला नव्हता. घाट चढून येणाऱ्याला एक लिपी वाचता यायची, धारवाडकडून येणाऱ्याला दुसरी. दोघंही गिऱ्हाईक.

दुकानदार बाहेर आला. "काय लिवलंय मॅडम?" मी वाचून दाखवलं. त्यानं फोटो काढला, मग म्हणाला, "वर यायचंय का? तुमचं होतं न्हवं?"

एकवीस वर्षांनी मी तो जिना चढले. पायऱ्या त्याच, मधे झिजलेल्या. वर खोक्यांच्या भिंती, एलईडी दिवे. लाकडावर सिमेंट ओतून पांढऱ्या टाइल्स बसवलेल्या. जमीन सपाट. पूर्वेचा कोपरा मात्र मोकळा होता, तिथं एकही खोकं नव्हतं, आणि तिथल्या चार टाइल्सना भेगा गेल्या होत्या.

"तिथं काय ठेवत नाही आम्ही," तो म्हणाला. "दोनदा बदललो टाइल्स. परत फुटतात. गवंडी म्हणतो, सिमेंट खराब."

मी त्याला सुपारीचं सांगितलं. वेंगुर्ला, घाट, पावसाळे, खाली आलेल्या तुळया. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग वाकून त्यानं भेगेवर बोट ठेवलं आणि धंदेवाल्या माणसाला जो पडावा तोच प्रश्न त्यानं विचारला.

"किती गोण्या असायच्या हो?"

मी भिंतीकडे पाहिलं. तिच्यावर आता फिकट क्रीम रंग होता, त्याखाली आणखी कुठला तरी, आणि सगळ्यांत तळाशी माझे तीन हात.